आधी डॉक्टर, मग गिनीपिग

कराड तालुक्यात गाईम्हशींच्या डॉक्टरांची वानवा नाही. सकाळी फोन केला की संध्याकाळच्या धारेआधी डॉक्टरांची मोटारसायकल गोठ्यासमोर उभी असते. कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकताची लस, अडलेली म्हैस, फुगलेलं पोट, यांत आमच्याकडच्या पशुवैद्यांचा हात कोणी धरणार नाही. कुत्र्यामांजरांचेही दवाखाने आता झालेत. पण नऊशे ग्रॅमचा, गवत खाणारा, बिनशेपटीचा एक जीव टेबलावर ठेवला की बऱ्याच ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "हा ससा म्हणायचा की उंदीर?"

मी इथल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. प्राणिशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतचा. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा त्याच्या बुंदी आणि शेव या दोघी गिनीपिग माझ्या वाट्याला आल्या. त्यांच्यापायी दवाखाने पालथे घालताना जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण हल्ली तालुक्याच्या गावातही मुलं वाढदिवसाला गिनीपिग मागतात. पिंजरा, पाण्याची बाटली, खाद्याची पाकिटं, सगळं घरपोच येतं. डॉक्टर तेवढा येत नाही.

यात पशुवैद्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांची पदवी साडेपाच वर्षांची. परळचं कॉलेज १८८६ सालचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि आमच्याच जिल्ह्यातलं शिरवळ. या सगळीकडे शिक्षणाचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यावर, आणि राज्याचं पोट ज्या जनावरांवर चालतं त्यांच्यावर तो असायलाच हवा. गिनीपिग तिथे भेटतो तो प्रामुख्याने प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. वैद्यकाने त्याचा वापर भरपूर करून घेतला आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला, तो गिनीपिगना टोचून. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होते हे दाखवलं आणि व्हिटॅमिन सीच्या शोधाला दिशा मिळाली. पुस्तकांत हा प्राणी जागोजागी आहे, पण पेशंट म्हणून फारसा नाही. आजारी गिनीपिग घेऊन काळजीत पडलेला मालक समोर बसतो, हा अनुभव डॉक्टरला पदवीनंतर मिळतो आणि तोही बहुधा मोठ्या शहरात.

नऊशे ग्रॅममधल्या अडचणी

कुत्र्याचं ज्ञान इथे का चालत नाही, ते आधी पाहू.

माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही व्हिटॅमिन सी तयार करू शकत नाही. त्याला ते रोज खाण्यातून लागतं. निरोगी प्राण्याला किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. आमच्याकडे त्यासाठी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर असते. पाकिटातल्या खाद्यातलं सी दिवस जातील तसं उडून जातं, पाण्याच्या बाटलीत घातलेलं तर फारच लवकर. ते कमी पडलं की सांधे सुजतात, प्राणी लंगडतो, केस राठ होतात. ज्याला हे ठाऊक नाही तो डॉक्टर पाय मुरगळला असं समजून मलम देईल.

दुसरी गोष्ट दातांची. गिनीपिगला २० दात असतात आणि ते सगळे, अगदी मागच्या दाढासुद्धा, जन्मभर वाढतात. दिवसभर लांब दांड्याचं वाळलेलं गवत चघळलं तरच ते झिजतात. समोरचे चार दात कोणालाही दिसतात. मागचे मात्र अरुंद तोंडात, गालांच्या घड्यांआड लपलेले असतात आणि दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

तिसरी गोष्ट पोटाची. गिनीपिगला उलटी करता येत नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर आतड्याचं काम मंदावतं, गॅस धरतो आणि पुढे यकृतावर ताण येतो. "उद्या बघू" हे वाक्य इथे चालत नाही.

चौथी गोष्ट औषधांची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. पेनिसिलिन, अँपिसिलिन, लहान मुलांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन, ही औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनची गाजलेली चाचणी केली ती आठ पांढऱ्या उंदरांवर. जंतू आठही जणांना टोचले, औषध चौघांनाच दिलं. सकाळी ते चौघे जिवंत होते आणि बाकीचे चार मेलेले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, हेच पेनिसिलिन गिनीपिगना मारक ठरतं असं आढळलं. १९४०च्या त्या रात्री पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते तर या औषधाचं पुढे काय झालं असतं, कोण जाणे.

शेवटचा मुद्दा माझ्या खात्यातला, म्हणजे आकड्यांचा. आयव्हरमेक्टिन हे गोचीड-खरजेवरचं गोठ्यातलं नेहमीचं इंजेक्शन. पन्नास किलोला एक मिली, असा त्याचा हिशेब. पाचशे किलोच्या होल्स्टीन गाईला दहा मिली. गिनीपिगलाही खरजेचे किडे होतात, खाज इतकी सुटते की झटके येतात, आणि त्यावर हेच औषध वापरतात. गाईचाच दर नऊशे ग्रॅमच्या शेवला लावला तर ०.०१८ मिली येतो. ४० युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवरसुद्धा हे एका रेघेपेक्षा कमी भरतं. अंदाजाने टोचलेला एक थेंब म्हणजे दुप्पट-तिप्पट डोस. जाणकार डॉक्टर आधी वजन करतो, मग औषध पातळ करतो आणि मगच सिरिंज भरतो.

फोनवरचे प्रश्न

आमच्या शोधाला कारण झाली बुंदी. कोथिंबिरीच्या जुडीचा आवाज आला की ती धावत यायची, पान उचलायची आणि टाकून द्यायची. हनुवटी ओली राहायला लागली. मी दर रविवारी दोघींना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिते. शेवचा आकडा जागच्या जागी होता आणि बुंदीचा ९४० वरून ८७० वर आला होता. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काट्यावर ते आधी दिसतं.

जवळच्या एका दवाखान्यात समोरचे दात बघून "दात उत्तम आहेत" असं सांगण्यात आलं आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून मिळालं. ते सिरप आम्ही घेतलं नाही. त्याऐवजी मी आमच्या भावकीतल्या गाई बघणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, खरं सांगू का, मी जन्मात गिनीपिग हातात धरलेला नाही. पण आमच्या शिरवळच्या बॅचची एक डॉक्टर पुण्यात एक्झॉटिक बघते. तिला विचारतो." कुत्री-मांजरं सोडून ससे, पोपट, कासवं, गिनीपिग असे जे पाळीव प्राणी असतात, त्यांना ही मंडळी एक्झॉटिक म्हणतात.

जाणकार डॉक्टर शोधायचा सगळ्यांत भरवशाचा रस्ता हाच, डॉक्टरमार्फत डॉक्टर. दुसरा रस्ता म्हणजे ससे किंवा पक्षी पाळणारे लोक. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नाशकात असे लोक असतात आणि त्यांचे डॉक्टर ठरलेले असतात. पाट्यांवर मात्र विसंबू नका. "सर्व प्रकारचे प्राणी तपासले जातील" ही पाटी सगळीकडेच असते.

फोनवर "गिनीपिग बघता का?" असं विचारूनही उपयोग नाही. "हो, आणा की" हे उत्तर ठरलेलं. मी हे विचारलं: महिन्याला साधारण किती गिनीपिग येतात? मागचे दात कशाने तपासता? तोंडावाटे कोणती अँटिबायोटिक देत नाही? भूल द्यायची वेळ आली तर आधी उपाशी ठेवायचं का? रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा?

चौथा प्रश्न चाळणी लावायला फार चांगला. कुत्र्यामांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण उलटी होऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गिनीपिगला उलटी होत नाही आणि रिकामं पोट त्याला घातक. एका ठिकाणाहून मला उत्तर मिळालं, "रात्रीपासून काही देऊ नका, सकाळी उपाशीपोटी आणा." त्या नंबरावर मी काट मारली. पुण्याच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "खात खात आणा. गवत गाडीतही ठेवा. तिच्या बहिणीलाही आणा." आणि वर त्यांनीच विचारलं, "वजनाच्या नोंदी आहेत का?" तिथेच ठरलं.

तीन टोल आणि एक घाट

कराड ते पुणे म्हणजे एकशेसाठ-पासष्ट किलोमीटर. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे तीन टोल, मधे खंबाटकीचा बोगदा आणि शेवटी कात्रज. माणसाला तीन तासांचा प्रवास. अँडीज पर्वतातल्या थंड हवेतून आलेल्या प्राण्याला मात्र एप्रिलमधला हा रस्ता सोपा नाही. १८ ते २४ अंश ही त्याची सुखाची हवा. त्याला घाम येत नाही, आणि पारा तिशीच्या वर सरकला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघायचं आणि डॉक्टरांकडे सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची.

पिंजरा प्रवासाला न्यायचा नाही. जाळीत पाय अडकतो. वरूनही उघडणारा, कडक प्लॅस्टिकचा मांजराचा कॅरियर चांगला. खाली जाड टॉवेल, त्यावर गवताचा ढीग. पाण्याची बाटली गाडीच्या हादऱ्यांनी गळते आणि सगळं ओलं करते, म्हणून काकडीचे काप. एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली. एकाच कोपऱ्यात, म्हणजे गार वाटलं तर प्राण्याला लांब सरकता येतं. एसीचा झोत थेट अंगावर नको. कॅरियर डिकीत कधीच ठेवायचा नाही. मागच्या सीटवर पट्टा लावून किंवा पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवायचा. गाडी ह्यांनी चालवली आणि साताऱ्यापर्यंत गाणी लावायची नाहीत एवढी एकच अट मी घातली होती. ती पुण्यापर्यंत टिकली.

शेवला बरोबर नेण्याचं कारणही साधं आहे. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी, एकटा पडला की खाणं सोडतो. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे. सोबतीण शेजारी असली की आजारी प्राणी अनोळखी जागेतही दोन काड्या तोंडात घालतो. शिवाय एकीला दवाखान्याचा वास लागला आणि दुसरीला लागला नाही, की घरी परतल्यावर भांडणं होऊ शकतात. एकत्र गेल्या की हा प्रश्न उरत नाही.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्या: वजनाची वही, ताज्या लेंड्या एका छोट्या डबीत, खाद्याच्या पाकिटाचा फोटो, आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी आणि प्राणी घरी कसा खातो त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला गिनीपिग दगडासारखा गप्प बसतो. पान उचलून टाकणारी बुंदी डॉक्टरांना दिसली ती माझ्या व्हिडिओतच.

टेबलावर

डॉक्टर बाईंनी बुंदीला मानेला धरून उचललं नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, अशी अलगद उचलून काट्यावर ठेवली: ८१० ग्रॅम. मग बोटांनी जबड्याची खालची कड चाचपली, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज ऐकला. मग कान तपासायचं यंत्र घेतलं, तेच जे आपल्या कानाच्या डॉक्टरांकडे असतं, आणि त्याचं निमुळतं टोक समोरच्या दातांच्या बाजूने आत सरकवलं. "या, बघा," म्हणाल्या.

आतल्या उजेडात गुलाबी जीभ दिसत होती आणि तिच्यावर दोन्हीकडून खालच्या दाढा झुकलेल्या, ओढ्यावर दोन्ही काठांवरून टाकत आणलेल्या साकवासारख्या. मधे जेमतेम फट. जिभेच्या एका कडेला लालभडक ओरखडा. गिनीपिगच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला कलून वाढतात. त्या झिजल्या नाहीत तर जिभेवर पूल बांधतात आणि प्राण्याला घास मागे ढकलता येत नाही. भूक असते, पण गिळता येत नाही. समोरचे दात उत्तमच होते. ते कोणी बघायला सांगितलेच नव्हते.

कवटीचा एक्स-रे झाला, कारण दात वर जेवढे वाढतात तेवढेच कधीकधी मुळाकडूनही जबड्यात घुसतात. तसं नव्हतं. मग मास्कमधून गॅसची भूल. गिनीपिगच्या घशात टाळूचा पडदा जिभेच्या बुडाशी जोडलेला असतो आणि मधे फक्त एक बारीक भोक, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं अवघड असतं. गालात साठलेलं गवत श्वासात जाऊ नये म्हणून भुलीच्या आधी तोंड पाण्याने धुऊन घेतलं. उपाशी ठेवण्याऐवजी करायचं ते हे. बारीक कानशीने दाढा उतरवल्या. अर्ध्या-पाऊण तासात बुंदी टॉवेलात गुंडाळलेली, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी, शुद्धीवर येत होती. शेवला तिच्याजवळ सोडलं. ती आधी गवताकडे गेली, मग बहिणीकडे.

घरी करायचं काम डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: वेदनाशामक किती आणि केव्हा, व्हिटॅमिन सी किती, भिजवलेल्या पेलेटची पेस्ट दर तीन तासांनी सिरिंजने, तीही समोरून सरळ घशात न घालता गालाच्या बाजूने, थोडी थोडी. आणि रोज वजन. "लेंड्या मोठ्या आणि एकसारख्या व्हायला लागल्या की मला कळवा. आनंदाची बातमी तीच."

दोन डॉक्टर

पुण्याचा डॉक्टर सापडला म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही. दाढांचं दुखणं एकदा मागे लागलं की बऱ्याचदा परत येतं आणि दाढा पुन्हा घासाव्या लागतात. शिवाय गिनीपिग खायचा थांबतो तो रात्री अकराला, पावसात, खंबाटकीत ट्रक अडकलेला असताना. अशा वेळी ते तीन तास फार मोठे असतात.

म्हणून आता आमची व्यवस्था दोन डॉक्टरांची आहे. पुण्याच्या बाई निदान करतात, दाढा बघतात, डोस ठरवतात. गाई बघणारे आमचे डॉक्टर इथे जवळ आहेत. दोघांची फोनवर ओळख करून दिली, एक्स-रे आणि कागद दोघांकडे ठेवले. वर्षातून काही वेळा पुण्याची वारी होते. मधल्या अडीअडचणीला इथले डॉक्टर असतात. पोट थांबलं तर कातडीखाली सलाइन किती द्यायचं, गॅस कसा ओळखायचा, तोंडावाटे काय अजिबात द्यायचं नाही, हे ते शिकले. पहिल्यांदा बुंदीला सुई टोचताना, म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा हा माणूस घामाघूम झाला होता. आता तेच गावातल्या दुसऱ्या कोणाच्या गिनीपिगला अमॉक्सिसिलिन चालू आहे असं कळलं तर स्वतः फोन करून थांबवतात.

मला यातून एवढं कळलं, की डॉक्टरमध्ये पदव्यांच्या आधी एक गुण बघावा: "हे मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणता येणं. असं म्हणणारा जवळचा डॉक्टर आणि रोज गिनीपिग बघणारा लांबचा डॉक्टर, या दोघांना जोडून देणं हे पाळणाऱ्याचं काम. दोघांपैकी एकावर भागत नाही.

कारखान्यात लोक विचारतात, "अहो, पाच-सातशेच्या प्राण्यापायी डिझेल, टोल, एक्स-रे? एवढ्यात शेळी आली असती." हिशेब खात्यातली म्हणून मी उत्तर देते: प्राण्याची किंमत दुकानात एकदाच देतो आपण. त्याला जगवण्याचा खर्च हा वेगळा, आणि पाच-सात वर्षं चालणारा. तो झेपणार नसेल तर शेळीच घ्यावी. तिचा डॉक्टर गावात आहे, ती दूधही देते आणि तिला कोणी उंदीर म्हणत नाही.

घेणारच असाल, तर पिंजऱ्याची ऑर्डर देण्याआधी दोन फोन करा. एक गावातल्या पशुवैद्यांना: "वेळ पडली तर शहरातल्या डॉक्टरांशी बोलून उपचार कराल का?" दुसरा शहरातल्या दवाखान्याला: "मागच्या दाढा कशाने तपासता?" दोन्हीकडून सरळ उत्तर आलं, तर एक नाही, दोन गिनीपिग आणा आणि त्यांच्यासोबत एक डिजिटल काटाही. उत्तर आलं नाही, तर मुलांना सरळ सांगा की यंदा नाही. नाराज मुलगा दोन दिवसांत खेळायला लागतो.